पुणे सिटी विरुद्ध बेंगळुरू : उद्या बालेवाडीत उपांत्य लढत, पण घरचं मैदान घर कधी होणार?

पिंपरी-चिंचवड, ६ मार्च २०१८

उद्या बुधवारी, ७ मार्चला रात्री आठ वाजता बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात एफसी पुणे सिटी आणि बेंगळुरू एफसी समोरासमोर येतील. इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा हा पहिला सामना. परतीचा सामना रविवारी ११ मार्चला बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर आहे. दोन्ही सामन्यांतले गोल मिळून ज्याचे जास्त, तो १७ मार्चच्या अंतिम सामन्यात. दुसरीकडे गोवा आणि चेन्नईयन यांची अशीच जोडी आहे.

पुण्याच्या संघासाठी ही साधी गोष्ट नाही. आयएसएलच्या पहिल्या तीन हंगामांत पुणे सिटीला एकदाही बाद फेरी गाठता आली नव्हती. चौथ्या हंगामात ती पहिल्यांदा गाठली. आणि समोर कोण, तर यंदाच्या साखळीत पहिला आलेला संघ.

आम्ही हा सामना पुण्याचा म्हणतोय, पण नकाशा काढून पाहा. बालेवाडीचं स्टेडियम कॅम्पपासून जितकं लांब, त्याच्या निम्म्यानेही वाकडपासून नाही. मुळा नदी ओलांडली की पिंपरी-चिंचवडची हद्द. काळेवाडी, कासारवाडी, नेहरूनगर, आकुर्डी, कुदळवाडी या आपल्या वस्त्यांतून तिथे पोचणं सोपं आहे. चाकणहूनही मोशी, भोसरी, नाशिक फाटा, वाकड असा सरळ रस्ता आहे. तरीही आपल्या घरांतल्या किती पोरांनी ते स्टेडियम आतून पाहिलंय? मोबाइलवर मोहम्मद सालाहचा प्रत्येक गोल पाठ असतो. लिव्हरपूलकडून तो यंदा गोलमागून गोल करतोय, गोल झाल्यावर सजदा करतोय, आणि आपली पोरं गल्लीत त्याची नक्कल करतात. चांगलंच आहे. पण सालाह साडेसात हजार किलोमीटरवर आहे. आशिक कुरुनियन उद्या अर्ध्या तासाच्या अंतरावर खेळणार आहे.

आकडे काय सांगतात?

आधी सरळ हिशेब मांडू. साखळीत प्रत्येक संघ १८ सामने खेळला. बेंगळुरूने १३ जिंकले, एक बरोबरीत सोडवला, चार हरले. गुण ४०. दुसऱ्या क्रमांकावरच्या चेन्नईयनचे गुण ३२. म्हणजे बेंगळुरू एकटाच पुढे पळाला. गोवा आणि पुणे दोघांचे गुण ३०. पुण्याने नऊ सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, सहा हरले. गोल केले ३०, खाल्ले २१. बेंगळुरूने केले ३५ आणि खाल्ले फक्त १६.

आता याच आकड्यांच्या आत शिरलं की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पुण्याने बालेवाडीत नऊ सामने खेळले. त्यातले चार जिंकले आणि पाच हरले. दिल्ली, चेन्नईयन, बेंगळुरू, केरळ, गोवा, सगळे इथे येऊन जिंकून गेले. गेल्याच महिन्यात, २५ फेब्रुवारीला, गोव्याने याच मैदानावर पुण्याला ४-० असं धुतलं. आणि परक्या मैदानावर? नऊ सामन्यांत पाच विजय, तीन बरोबरी आणि एकच पराभव, तोही चेन्नईत ०-१ असा. कोलकात्यात जाऊन एटीकेला ४-१ हरवलं, गोव्यात जाऊन गोव्याला २-० हरवलं, मुंबईत जाऊन मुंबईला २-० हरवलं.

घरी पाच पराभव, बाहेर एक. घरी १५ गोल खाल्ले, बाहेर सहा. फुटबॉलमध्ये सगळीकडे उलटं असतं. घरचं मैदान म्हणजे अर्धा विजय, असं म्हणतात. मग आपल्या संघाला घर का मानवत नाही?

पहिलं कारण खेळाच्या पद्धतीत आहे. प्रशिक्षक रँको पोपोविच यांचा संघ प्रतिहल्ल्याचा संघ आहे. समोरचा संघ पुढे आला, त्याच्या पाठीमागे जागा मोकळी झाली, की मार्सेलिन्हो, दिएगो कार्लोस, आशिक आणि अल्फारो चार-पाच पासमध्ये गोलपाशी पोचतात. परक्या मैदानावर यजमान संघ प्रेक्षकांसमोर हल्ला करायला निघतोच, आणि पुण्याला हवं ते मिळतं. बालेवाडीत मात्र पाहुणा संघ मागे बसतो, पुण्याला चेंडू देतो आणि म्हणतो, आता काढा वाट. तिथे संघ अडकतो. वाट काढायला पुढे गेला की स्वतःच्या मागची जागा उघडी पडते.

दुसरं कारण मैदानाबाहेरचं आहे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

बेंगळुरूची गोष्ट आणखी काळजीची. त्यांनीही घरापेक्षा बाहेर जास्त सामने जिंकलेत. बाहेरच्या नऊपैकी सात जिंकले, दोन हरले. घरी सहा जिंकले, एक बरोबरी, दोन पराभव. आणि १४ जानेवारीला दिल्लीत हरल्यानंतर साखळीत हा संघ एकदाही हरलेला नाही.

थोडक्यात, घरी अडखळणारा संघ आणि बाहेर जिंकणारा संघ उद्या भेटतायत. कागदावर पारडं कुणाकडे झुकतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मागच्या दोन भेटी

यंदा हे दोघे दोनदा भेटलेत. पहिली भेट १४ डिसेंबरला बालेवाडीत. आदिल खानने हेडरने गोल करून पुण्याला आघाडी दिली होती. दुसऱ्या अर्धात बलजीत साहनीला लाल कार्ड मिळालं, पुणे दहा जणांवर आलं आणि सामना फिरला. मिकूने दोन आणि सुनील छेत्रीने एक गोल करून बेंगळुरूने ३-१ असा विजय नेला.

दुसरी भेट १६ फेब्रुवारीला बेंगळुरूत. सार्थक गोलुईने पुण्याला पुढे नेलं, नंतर मिकूने बरोबरी साधली. १-१. बेंगळुरूने संपूर्ण साखळीत एकच सामना बरोबरीत सोडवला, तो हाच.

या दोन सामन्यांतून तीन धडे निघतात. एक, दोन्ही वेळा पहिला गोल पुण्याने केला. म्हणजे बेंगळुरूला धक्का देता येतो. दोन, बेंगळुरूने पुण्याविरुद्ध केलेले चारही गोल दुसऱ्या अर्धात आलेत. पुण्याचे पाय जड होतात तेव्हा त्यांचा खेळ सुरू होतो. तीन, चारपैकी तीन गोल एकट्या मिकूचे आहेत. छेत्रीचं नाव मोठं, पण पुण्याला खरा त्रास या व्हेनेझुएलाच्या आघाडीवीराने दिलाय. साखळीत मिकूचे १४ गोल आहेत, छेत्रीचे १०. दोघांचे मिळून २४. पुण्याच्या संपूर्ण संघाचे ३०. इथेच फरक कळतो.

पुण्याची संभाव्य अकरा

अधिकृत यादी सामन्याआधी तासभर येईल. हंगामभराचा खेळ पाहून आमचा अंदाज असा आहे.

गोलपाशी विशाल कैथ. हिमाचलचा २१ वर्षांचा पोरगा, यंदा संघाचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक. बचावफळीत उजवीकडे सार्थक गोलुई, मध्ये गुरतेज सिंग आणि स्पेनचा राफा लोपेझ, डावीकडे साहिल पनवार. गोलुई विशीत आहे आणि पनवारने अजून विशीही गाठलेली नाही. बेंगळुरूचा उदांता सिंग याच बाजूंनी वेगात आत शिरतो, तेव्हा या दोन पोरांची उद्या खरी परीक्षा आहे.

मधल्या फळीत बचावापुढे आदिल खान आणि ऑस्ट्रियाचा मार्को स्टँकोविच. आदिलबद्दल थोडं सांगायलाच हवं. गोव्याचा हा २९ वर्षांचा खेळाडू यंदा पुण्याच्या मधल्या फळीचा कणा ठरलाय. तो गवगवा करणारा खेळाडू नाही. समोरच्याचा पास अडवणं, चेंडू हिसकावून साधा पास देणं, कॉर्नरला उंच उडी मारणं, ही त्याची कामं. कारखान्यात जसा एक जण असतो, ज्याचं नाव कुणी घेत नाही पण तो रजेवर गेला की लाइन बंद पडते, तसा आदिल. मिकू आणि छेत्रीला चेंडू मिळूच द्यायचा नाही, हे काम उद्या त्याच्यावर आहे.

पुढे उजवीकडे आशिक कुरुनियन, डावीकडे दिएगो कार्लोस, मध्ये मार्सेलिन्हो, आणि टोकाला उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो. अल्फारोचे यंदा नऊ गोल आहेत. मार्सेलिन्होचे आठ, शिवाय सात गोल त्याच्या पासवर झालेत. २०१६ मध्ये दिल्लीकडून खेळताना सर्वाधिक गोलांचा मान त्यानेच मिळवला होता. ३० डिसेंबरला नॉर्थईस्टविरुद्ध बालेवाडीत ५-० असा विजय मिळाला, त्यात त्याची हॅटट्रिक होती. ज्या दिवशी हा ब्राझिलियन रंगात येतो, त्या दिवशी कुठलाही संघ त्याला थांबवू शकत नाही. ज्या दिवशी त्याच्या मनाविरुद्ध घडतं, त्या दिवशी तो पंचांशी वाद घालण्यात अर्धी ताकद घालवतो. उद्या त्याचं डोकं शांत राहिलं पाहिजे.

आशिकचं वय २०. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातला. तिथे भाताच्या कापलेल्या शेतातही रात्री दिवे लावून फुटबॉलच्या स्पर्धा होतात, हजारो माणसं पाहायला येतात. तिथून हा मुलगा कोवळ्या वयात पुण्याच्या अकादमीत आला, पुढे स्पेनमध्ये व्हियारेयालच्या राखीव संघाबरोबर सराव करून आला, आणि आता पुण्याच्या पहिल्या संघात आहे. आपल्या घरांतल्या मुलांनी त्याच्याकडे पाहावं ते याचसाठी. प्रतिभा तर होतीच, पण त्याच्या गावात मैदान होतं आणि पुण्यात त्याला घेणारी अकादमी होती. या दोन गोष्टी नसत्या तर प्रतिभा घरीच राहिली असती.

बेंगळुरूची संभाव्य अकरा

स्पेनचे प्रशिक्षक अल्बर्ट रोका यांच्याकडे मोठी फौज आहे. गोलपाशी भारताचा पहिला गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू. बचावात राहुल भेके, जॉन जॉन्सन, हुआनन आणि सुभाशिष बोस. मधल्या फळीत हरमनज्योत खाबरा, ऑस्ट्रेलियाचा उंचापुरा एरिक पार्टालू आणि स्पेनचा दिमास देल्गादो. पुढे उदांता, मिकू आणि कर्णधार छेत्री. बोसच्या जागी निशू कुमार किंवा खाबराच्या जागी लेनी रॉड्रिग्ज दिसला तरी नवल वाटू नये.

यातला राहुल भेके आपला मुंबईकर मराठी पोरगा. २०१६ मध्ये तो पुणे सिटीकडूनच खेळला होता. आता तो पुण्यालाच अडवायला येतोय. पुण्याने त्याला का जाऊ दिलं, हा प्रश्न उद्या स्टँडमध्ये नक्की विचारला जाईल.

बेंगळुरूची एक कमजोरी धरता येईल. हा संघ एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढतोय. जानेवारी-फेब्रुवारीत आयएसएल चालू असतानाच त्यांना एएफसी चषकाच्या पात्रता लढती खेळाव्या लागल्या. भूतान, मालदीवचे प्रवास झाले. पण रोका यांनी त्यासाठी राखीव खेळाडू वापरून मुख्य अकरा बरीचशी ताजी ठेवलीय. त्यामुळे या थकव्यावर फार भरवसा ठेवू नये.

सामना कुठे ठरेल?

आमच्या मते तीन ठिकाणी.

पहिलं, पहिली वीस मिनिटं. पोपोविच शहाणपणा करतील तर उद्या घरच्या मैदानावर पाहुण्यासारखे खेळतील. म्हणजे घाईने पुढे न जाता चेंडू बेंगळुरूला देतील, त्यांना बाहेर काढतील आणि मग प्रतिहल्ला चढवतील. प्रेक्षकांना हे आवडणार नाही. "अरे, पुढे जा ना!" असा आरडाओरडा होईल. पण गोव्याविरुद्धचे चार गोल आठवले तर हाच मार्ग बरा.

दुसरं, कॉर्नर आणि फ्री किक. दिमासचा पाय आणि पार्टालूचं डोकं हे बेंगळुरूचं जुनं हत्यार. तिथे गुरतेज आणि आदिलने एक क्षणही डुलकी घेता कामा नये. उलट डिसेंबरात आदिलचा गोल असाच डोक्याने आला होता, म्हणजे हा मार्ग दोन्ही बाजूंना मोकळा आहे.

तिसरं, साठ मिनिटांनंतरचा खेळ. पुण्याने अकरा जण शेवटपर्यंत मैदानावर ठेवले आणि साठाव्या मिनिटाला ताजे पाय उतरवले, तर डिसेंबरची पुनरावृत्ती टळेल.

आमचा अंदाज

पुणे सिटी १, बेंगळुरू १.

मन म्हणतं पुणे २-१. पण अंदाज मनाने बांधायचा नसतो. पुण्याचं घरचं आणि बेंगळुरूचं बाहेरचं प्रगतिपुस्तक पाहता बरोबरी हाच पुण्यासाठी चांगला निकाल ठरेल. शून्य गोलांची बरोबरी झाली तरी वाईट नाही. उद्या हरायचं नाही आणि रविवारी बेंगळुरूत, जिथे ते पुढे येतील आणि मागे जागा मोकळी सोडतील, तिथे डाव टाकायचा. फेब्रुवारीत तिथे १-१ झालंच होतं. दोन्ही सामने मिळून विचाराल तर बेंगळुरू पुढे जाण्याची शक्यता जास्त, साधारण साठ-चाळीस म्हणू. पुण्याची चाळीस टक्के आशा मार्सेलिन्होच्या पायात आणि आदिलच्या फुप्फुसांत आहे.

आता ते दुसरं कारण

घरचं मैदान संघाला मानवत नाही, याचं दुसरं कारण असं की ते अजून कुणाचं घर झालेलंच नाही. आयएसएलच्या सामन्यांसाठी बालेवाडीत जेमतेम नऊ हजारांची सोय आहे. कोची, कोलकात्याच्या मानाने ही बैठक मूठभरच. तीही कित्येकदा भरत नाही.

याला फक्त लोकांची अनास्था कारण आहे, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुण्याच्या फुटबॉलप्रेमींनी जीव लावावा आणि क्लबने दुकान बंद करावं, हे इतक्या वेळा घडलंय की लोक आता जपून जीव लावतात. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला होता. २०१५ मध्ये तो बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम खेळला आणि त्याच वर्षी संपला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळला, त्यांच्याबरोबर लिव्हरपूलच्या नावाची अकादमीही पुण्यात आली होती. यंदाच्या आय-लीगमध्ये तो संघ नाही. तिन्ही संघांचं घरचं मैदान हेच, बालेवाडी. तीन वर्षांत तीन संघ गेले. चौथा उद्या उपांत्य सामना खेळतोय.

यात एक सूत्र दिसतं. यातले बरेच क्लब बांधकाम व्यवसायातल्या घराण्यांच्या पैशावर उभे राहिले. पुणे सिटीचे मालकही वाधवान समूह, म्हणजे घरबांधणी आणि वित्त याच व्यवसायातले, सोबत सिनेतारे. पैसा कुणाचाही असो, आमची हरकत नाही. पण बांधकामाचा धंदा चढउताराचा. बाजार पडला की पहिली कात्री खेळावर लागते.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहा. पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीत बजाज, चाकणमध्ये महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे-मोठे कारखाने. देशातल्या मोठ्या वाहन उद्योगाचा हा गड. पण या पट्ट्याच्या नावाचा एकही अव्वल फुटबॉल संघ नाही. एकेकाळी भारतीय फुटबॉल कारखान्यांच्याच आधाराने चालत होता. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता, तो २०१० मध्ये बंद झाला. फगवाड्याच्या कापड गिरणीचा जेसीटी २०११ मध्ये गेला. पण दुसरं उदाहरणही यंदाच समोर आहे. टाटा स्टीलने जमशेदपूरचा संघ आयएसएलमध्ये उतरवला आणि पहिल्याच हंगामात तो २६ गुण घेऊन पाचवा आला. त्या शहरात टाटांची फुटबॉल अकादमी १९८७ पासून चालू आहे, तीस वर्षं. उद्याचा प्रतिस्पर्धी बेंगळुरू एफसी हाही जेएसडब्ल्यू या पोलादवाल्यांचाच. २०१३ मध्ये सुरू झाला आणि एकदाही डगमगला नाही. जमशेदपूरला जे जमतं ते पिंपरी-चिंचवडला का जमू नये? कंपन्यांच्या सामाजिक खर्चातून खेळाला मदत करायला कायद्याने वाट ठेवलेली आहे. मागणारा हवा.

आणि मागायचं काय? संघ नंतर, आधी मैदान. गेल्या वर्षी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला. शाळाशाळांत चेंडू वाटले. ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचे सामने नवी मुंबईतही झाले. भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, जो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. रहीम अली आणि मोहम्मद शाहजहान ही आपल्या समाजातली दोन पोरंही होती. तो सोहळा संपून चार महिने झाले. आता आपल्या वस्तीतल्या शाळेत जाऊन विचारा, तो चेंडू कुठे आहे? आणि चेंडू असेल तर तो मारायला जागा कुठे आहे? कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांमधल्या बोळात आणि चाकणच्या चाळींमागच्या रिकाम्या प्लॉटवर पोरं खेळतात. प्लॉट विकला गेला की खेळ संपतो.

आपल्या समाजाचं आणि या खेळाचं नातं कालचं नाही. कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ पासून सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकली, गोऱ्यांच्या पलटणींना मागे टाकून. हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्तात आशियाई सुवर्णपदक जिंकून आला. रहीम साहेब मूळचे शिक्षक होते, हे विसरू नका. आपल्या वस्त्यांतही शिक्षक आहेत, जमातीचे जबाबदार लोक आहेत, नगरसेवक आहेत. मशिदीची, मदरशाची, कब्रस्तानची कामं जशी पाठपुरावा करून होतात, तसा एका मैदानासाठी महापालिकेकडे पाठपुरावा का होऊ नये? व्यसन आणि मोबाइल यांच्या तावडीतून पोरांना सोडवायचं तर नुसत्या नसीहतीने भागत नाही. संध्याकाळी दीड तास पळायला जागा द्यावी लागते. मुलींनाही द्यावी लागते, परवाच महिला दिन आहे म्हणून हे आठवणीने लिहितोय.

आणखी एक सांगायचं राहिलं. १ जानेवारीनंतर या परिसराने बंद, दगडफेक आणि भीतीचे दिवस पाहिले. स्टँडमध्ये बसल्याने समाज जोडला जातो, असली भाबडी गोष्ट आम्ही करणार नाही. एवढंच म्हणतो की, परभणीहून चाकणला कामाला आलेला पोरगा, पिंपरीतला मल्याळी दुकानदार आणि वाकडचा आयटीवाला यांनी एकाच नावाने ओरडावं, अशा जागा या शहरात फार उरलेल्या नाहीत. बालेवाडी त्यातली एक आहे. तीही रिकामी का ठेवायची?

जायचं असेल तर

मगरिब पावणेसातच्या सुमारास होते. मगरिब अदा करून निघालात तर गर्दीत अडकाल, त्यामुळे लवकर निघून नमाजची सोय वाटेत किंवा पोचल्यावर करा. सामना रात्री दहापर्यंत चालेल. इशा परतल्यावर आरामात होते. दापोडी बाजूला मेट्रोच्या कामामुळे रस्ता तुंबतो, म्हणून नाशिक फाट्यावरून वाकडमार्गे जाणं बरं. परतीच्या बसच्या भरवशावर राहू नका, चार-पाच जण मिळून गाडी करा. दुसऱ्या पाळीवाल्यांना स्टार स्पोर्ट्स आणि हॉटस्टार आहेच, तेही सुटीच्या वेळेत.

ज्यांच्या घरी दहावी-बारावीची परीक्षा चालू आहे, त्या अब्बा-अम्मींना आम्ही काही सुचवणार नाही. पेपर आधी. पण धाकट्याला घेऊन जा. त्याला सांगा, तो बघ, गोल मारणारा नाही, त्याच्या मागे जो गुपचूप सगळं सावरतोय, तो बघ. सालाह मोबाइलवर पुन्हा दिसेल. आदिल आणि आशिक समोर पळताना पाहायची संधी उद्या आहे, आणि पुण्याचे क्लब किती दिवस टिकतात हे आपण पाहिलंय.

अंदाज १-१ वर ठाम आहोत. चुकलो आणि पुणे जिंकलं, तर आमच्याइतका खूश कुणी नसेल. रविवारी बेंगळुरूकडे डोळे लावून बसूच, इन्शाअल्लाह.